गहू विचारायचे दिवस

कूलरला नवी खस बसवून टाकीत पहिली बादली ओतली की घरभर एक ओला, मातकट वास सुटतो आणि मला गहू आठवतो. कूलरचा आणि गव्हाचा काय संबंध, असं आमचे हे विचारतात. ते कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे प्रत्येक वस्तूचा कप्पा ठरलेला असावा असं त्यांना निवृत्तीनंतरही वाटतं. माझ्या डोक्यात असे कप्पे नाहीत. एप्रिल लागला, दुपारचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, की माझ्या डोक्यात नुसता गहू असतो. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून हे असंच आहे.

यंदाही खस बसली, वास सुटला आणि मी शालिकभाऊंची वाट पाहायला लागले.

शालिकभाऊंचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्यांचे वडील कापडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात जो काही पैसा आला, त्यात त्यांनी घराची पुढची खोली फोडून शटर बसवलं आणि धान्य विकायला बसले. कापडाच्या गिरणीतला माणूस डाळ काय विकणार, असं तेव्हा लोक म्हणायचे म्हणे. पण त्यांनी विकली, आणि त्यांच्यामागे शालिकभाऊ विकत राहिले. माझ्यापेक्षा ते दोन-चार वर्षांनी मोठे असतील, पण ह्यांच्या दोस्तीमुळे मी त्यांची वैनीच.

आमच्या गल्लीत वर्ष चौदा एप्रिलच्या जयंतीला सुरू होतं. निळ्या पताका अजून तारांवर फडफडत असायच्या, मंडपाचे बांबू कुणीतरी नेईपर्यंत भिंतीला टेकून उभे असायचे, आणि शालिकभाऊ गहू विचारायला निघायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कागदाच्या पुड्या. दारात चपला काढायच्या, पाणी प्यायचं, आणि मग तो प्रश्न: "वैनी, यंदा किती टाकू?"

हा प्रश्न साधा नव्हता. मौद्याकडच्या एका गावातले शेतकरी त्यांच्या ओळखीचे होते. गल्लीला मिळून किती गहू लागणार हे कळल्यावर ते शेतकऱ्याला शब्द द्यायचे आणि मग गाडी भरून यायची. म्हणजे आपण "चार कट्टे टाका" म्हटलं की तो आपला शब्द झाला. कुणी लिहून घेत नसे, आगाऊ मागत नसे. माझ्या आठवणीत त्या काळी कुणी शब्द फिरवला नाही. शब्द फिरवून जायला दुसरी जागाच नव्हती म्हणा, पण मला तेव्हा तो आमचा चांगुलपणा वाटायचा.

पुड्यांमध्ये वानगी असायची. तीन शेतांतल्या तीन गव्हांची, मूठ-मूठ. ती चाखून गल्लीनं एक गहू पसंत करायचा. आता मूठभर गहू चक्कीवाला काही दळून देत नाही, आणि जातं गल्लीत उरलं होतं एकट्या आमच्या घरी. सासूबाईंनी पुष्कळ जुन्या वस्तू मोडीत काढल्या, पण जात्याला हात लावू दिला नाही. त्यामुळे पसंतीचा दरबार आमच्या मागच्या खोलीत भरायचा.

ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. बाहेर लू चाललेली, खिडक्यांवर ओली पोती टांगलेली, खोलीत अंधार आणि दहा-बारा बायका. कुणी जात्यावर, कुणी परातीशी, कुणी नुसतीच तोंडानं कामावर. कोणती पोळी कोणत्या गव्हाची हे कळावं म्हणून पोळीच्या काठाला चिमटे घ्यायचे: पहिल्या गव्हाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. मग जवसाच्या चटणीशी एकेक तुकडा खायचा आणि मत द्यायचं. मतं भारी असायची. "गोड आहे, पण दम नाही." "गरम आहे म्हणून नरम लागून राहिली, संध्याकाळी पाह्यजो कशी वातड होते ते." सरकारी ऑफिसात मी कारकून होते, तिथल्या मोठ्या साहेबांच्या मीटिंगाही मी पाहिल्या आहेत. इतक्या गांभीर्यानं निर्णय घेताना मी तिथं कुणाला पाहिलं नाही.

सासूबाई त्या दिवशी फारसं बोलत नसत. भिंतीला टेकून बसायच्या आणि तुकडा हळूहळू चघळायच्या. त्यांच्या लहानपणी धान्य म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यावर राबून जे पदरात पडेल ते. किडकं असो, मातीचं असो, निवडायचं आणि खायचं. चाखून पाहायचं, नाक मुरडायचं, "हा नको, तो टाका" म्हणायचं, हे सुख त्यांना पोक्त वयात मिळालं होतं. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "गहू मले कोणताही चालते वं. पण कोणी विचारून राहिलं, ते मले आवडते." तेव्हा मी हसले होते. आता हे वाक्य आठवलं की हसू येत नाही.

आणि एक वर्ष असं आलं की आमची सगळ्यांची अक्कल चुलीत गेली. समोरच्या कुसुमताई त्या दिवशी तव्याशी होत्या. पोळ्या त्यांनी इतक्या सुंदर फुगवल्या की काठाचे चिमटे पार बुजून गेले. कुणाला काही दिसेना. पण "मले कळून नाही राहिलं" असं म्हणणारी आमच्यात एकही नव्हती. प्रत्येकीनं काठ निरखला, मान हलवली आणि एकमतानं "दोन चिमट्यांचा" गहू ठरला. गाडी आली, कोठ्या भरल्या, आणि पहिल्याच पोळीला कळलं की यानं चपलेला तळवे बसवता येतील. तरी कुणी हूं का चूं केलं नाही. नळावर, बचत गटात, जिथं भेटतील तिथं बायका एकमेकींना सांगायच्या, "यंदाचा गहू काय गोड आहे ना!" आषाढ गेला, श्रावण गेला. शेवटी सासूबाईंचा हलणारा दात एका पोळीत राहिला आणि त्या अंगणात येऊन ओरडल्या, "हा गहू मले मारून राहिला वं, बायांनो!" त्यावर आम्ही सगळ्या इतक्या हसलो की कुसुमताईंना उचकी लागली.

शालिकभाऊंना विचारलं, तुम्हाला तरी कळलं असेल ना? तर म्हणाले, "मले पहिल्या दिवशीच कळलं. पण गल्लीनं सांगितलं, तर मी कोण होतो? माझ्याही घरी तोच खाऊन राहिलो ना."

पुढे सासूबाई गेल्या. जातं कुणी फिरवेना, बायका नोकऱ्यांना लागल्या, दुपारी घरी सापडेनात. वानगीच्या पोळ्या बंद झाल्या, पण विचारणं चालू राहिलं. जयंती झाली की शालिकभाऊ यायचे, गच्चीवर गहू वाळायचा, एरंडेलाचे हात गव्हावरून फिरायचे, कडुनिंबाचा पाला थरांमध्ये पडायचा. पत्र्याच्या कोठीत गहू ओतताना जो आवाज होतो तो ऐकून मला फार शांत वाटायचं. वर्ष कसंही जावो, पोळीची काळजी नाही, असं वाटायचं. ऑफिसात कितीही कटकट झाली तरी घरी येऊन कोठीवर हात ठेवला की बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण लोकांनी वेड्यात काढलं असतं.

मग रिंग रोडला ते मोठं मार्ट आलं.

मला मार्टाबद्दल वाईट बोलायचं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. सगळ्यांत जास्त आमच्या ह्यांना आवडतं, आणि त्याचं कारण डाळ-तांदूळ नाही, एसी आहे. मे महिन्यात नागपुरात दुपारी फुकट गारव्यात उभं राहायला देणारी जागा म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्यांना कळायचं नाही. हे तिथं साबणाच्या रॅकसमोर अर्धा-अर्धा तास उभे राहतात. एकेक वेष्टण वाचतात, परत ठेवतात, आणि शेवटी घरी आहे तोच साबण घेतात. आमच्यासारखे कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या तिथं रिकाम्या ट्रॉल्या घेऊन हिंडताना दिसतात. एकमेकांकडे पाहून ओळखीचं हसतात.

आणि स्वस्त आहे, हेही खरं. छापलेल्या किमतीपेक्षा कमी, वर एकावर एक फुकट. शिवाय तिथं कुणी तुम्हाला विचारत नाही तुम्ही कुठल्या वस्तीतल्या, कोणाच्या घरच्या. पाहिजे ती वस्तू स्वतःच्या हातानं उचला, उलटून पाहा, परत ठेवा. आमच्या आधीच्या पिढीच्या बायांना दुकानाच्या पायरीखाली उभं राहून सामान घ्यावं लागलेलं मी ऐकलं आहे. त्या हिशोबानं हा हात लावून पाहण्याचा हक्क मला लहान वाटत नाही. मार्टाला नुसत्या शिव्या घालणारे लोक भेटले की मी त्यांच्याशी भांडते.

पण तरी माझं मन ठरत नव्हतं. मीठ-साबण तिथून, हे चालत होतं. पण वर्षाचा गहू? शालिकभाऊंच्या दारात येणाऱ्या गाडीतून गल्लीतली घरं एकेक करून गळत होती, हे मला दिसत होतं. आपणही गळायचं का? माझी सून स्नेहल मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. घरी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. गहू निवडा, वाळवा, दळून आणा, हे तिनं कधी करायचं? मार्टात तयार आटा मिळतो, हव्या त्या वजनाचा. ती मला सरळ म्हणाली, "आई, गहू घ्यायचा असेल तर जरूर घ्या, मी मदत करेन. पण शालिककाकांची दया येऊन घेऊ नका. त्यांना कळलं तर त्यांना ते आवडेल का?"

मला राग आला. खरं बोललेलं कुणाला आवडतं?

आणि त्याच आठवड्यात ते झालं. जयंतीच्या आधीची गोष्ट. आम्ही दोघं मार्टात गेलो होतो, हे साबणापाशी रमले होते आणि मी आट्याची मोठी पिशवी ट्रॉलीत टाकून पुढे निघाले होते. "एकदा वापरून तर पाहू," असं मनाशी चाललं होतं. तेवढ्यात तेलाच्या रॅकपाशी एक ओळखीची पाठ दिसली. पांढरा हाफ शर्ट, किंचित झुकलेला डावा खांदा. मी ट्रॉली वळवली आणि बिस्किटांच्या रॅकमागे शिरले. आणि पाहते तर त्याच रॅकमागे दुसऱ्या बाजूनं शालिकभाऊ ट्रॉली ढकलत शिरत होते. मी त्यांच्यापासून लपायला आले होते आणि ते माझ्यापासून.

त्यांची ट्रॉली तेलाच्या पाकिटांनी काठोकाठ भरलेली. क्षणभर दोघंही बिस्किटांकडे पाहत राहिलो.

"काय करता वैनी," शेवटी तेच हसले, "माझ्या होलसेलवाल्यापेक्षा हे लोक सस्तं देऊन राहिले. दुकानात ठेवाले इथूनच नेतो."

"बरं करता," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांची नजर माझ्या ट्रॉलीतल्या आट्यावर गेली. मी उगाच त्यावर पर्स ठेवली. ते म्हणाले, "चांगला असते हा आटा. लोक चांगला म्हणतात." त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं की मला तिथंच, त्या गार हवेत, घाम फुटला. बिलिंगच्या रांगेत ते आमच्या मागे होते, पण मध्ये कुणाला तरी पुढे जाऊ दिलं आणि दुसऱ्या रांगेला गेले.

जयंती झाली. मिरवणूक, भाषणं, खीर, सगळं झालं. पताका उन्हानं फिक्या पडल्या. मी रोज अकरा वाजले की दाराकडे पाहायची. हो म्हणायचं असं मी ठरवून टाकलं होतं. घरात सांगितलंही होतं. मार्टाचा आटा खाऊन पाहिला होता, बरा होता, त्यात काही खोट नव्हती. तरी हो म्हणायचं. स्नेहल म्हणाली, "ठीक आहे, मग कोठी पुसून घेऊ रविवारी." पण शालिकभाऊ आले नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. आधी मला काळजी वाटली, मग राग यायला लागला. एवढी वर्षं विचारलं आणि आता आमच्या होकाराला काही किंमतच नाही का?

शेवटी एका दुपारी डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन मीच गेले. दुकानात टेबलफॅन फिरत होता, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. शालिकभाऊंनी स्टूल पुढे केलं, माठातलं पाणी दिलं.

"काहून भाऊ, यंदा आले नाही? आमचं घर विसरले काय?"

"घर कायले विसरतो, वैनी. गहू बंद केला यंदापासून."

"बंद केला? आन् मले सांगितलंही नाही? मी तर हो म्हणून बसली होती."

"मले माहीत होतं तुमी हो म्हणाल," ते म्हणाले. "म्हणूनच नाही आलो."

पंख्याचं तोंड माझ्याकडे फिरलं आणि परत गेलं.

मग ते सावकाश सांगायला लागले. गेल्या वर्षी ते नेहमीसारखे घरोघरी गेले होते. काही घरांनी नाही म्हटलं. काहींनी हो म्हटलं आणि गाडी आल्यावर निरोप पाठवला की राहू द्या. "गव्हाचं काही नाही वैनी, तो कुठंही खपते. पण ज्याईनं नाही म्हटलं, ते लोक आता या रस्त्यानं येत नाही. मागच्या रोडनं जाऊन राहिले. मार्टाची पिशवी मले दिसन म्हणून. आमी संगं गोट्या खेळलेले लोक हो, अन् तोंड चुकवून राहिले. तुमची कार बी..." एवढं बोलून ते थांबले आणि काउंटरवरचं फडकं झटकायला लागले.

आमची गाडीही गेले वर्षभर मागच्या रस्त्यानंच येत होती. पुढच्या रस्त्यावर खड्डे फार आहेत, असं हे म्हणाले होते आणि मी ते मान्य केलं होतं. खड्डे मागच्या रस्त्यावर जास्त आहेत, हे मला त्या स्टुलावर बसल्यावर आठवलं.

"मी गहू विचारलाच नाही, तर कोणाले लाजाचं कामच नाही," शालिकभाऊ म्हणत होते. "येतील मंग इकडून. काही घ्या, नका घेऊ, पण जाता-येता दिसा तर खरं. आमच्या बुढ्यानं दुकान कायले टाकलं होतं, सांगू? गिरणी सुटली, अन् त्याले दिवसभर माणसं पाहाची सवय. घरात एकट्यानं बसवे ना."

मी इतके दिवस घरात बसून ठरवत होते की यांना सोडायचं की नाही. जणू गव्हाचा होकार देऊन मी त्यांच्यावर मोठे उपकारच करणार होते. त्यांना माझा गहू नको होता. मी म्हटलं, निदान आमच्यापुरता तरी आणा. ते हसले. एका घरासाठी गाडी येत नाही, म्हणाले. मी अर्धा किलो साखर मागितली, त्यांनी ती बांधून दिली आणि मी घरी आले. त्या संध्याकाळी स्नेहलनं विचारलं तेव्हा तेवढं सांगितलं, की यंदा गहू येणार नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली.

रविवारी आम्ही तिघं मार्टात गेलो. महिन्याचं सामान होतं, आटाही घेतला. परत येताना गल्ली जवळ आली तशी मी ह्यांना म्हटलं, "गाडी पुढून घ्या."

"पुढून? अवं, शालिक दुकानात बसला असन."

"म्हणूनच म्हणून राहिली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आरशातून स्नेहलकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं वळण घेतलं. दुकानासमोर गाडी थांबली. मी उतरले आणि डिकी उघडून सगळ्या पिशव्या काढल्या. पिशव्यांवर मार्टाचं नाव लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. त्या मी शालिकभाऊंच्या पायरीवर ओळीनं मांडल्या आणि शेजारी बसले. हे खाली मान घालून उभे होते.

शालिकभाऊ काउंटरच्या मागून बाहेर आले. पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून माझ्या बाजूला बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले.

"डाळ बरी दिसते. तांदूळ जुना आहे, चांगला. अन् हे काय? हिंग? हा कायले घेतला बाप्पा, माझ्याकडे याच्याहून सस्ता आहे!"

"मंग उद्यापासून तुमच्याकडून नेतो," हे एकदम म्हणाले.

"नेजा ना. कोण नाही म्हणते?" आणि त्यांनी आट्याची पिशवी उचलली. हातावर जरा तोलली. "स्नेहलबाई," ते म्हणाले, "याले पाणी थोडं जास्त लागते, अन् भिजवून झाकून ठेवत जा. मंग पोळी नरम राहते." स्नेहलनं मान डोलावली आणि तीही पायरीवर बसली. समोरून कुसुमताईंचा मुलगा स्कूटरवरून चालला होता, तो आम्हाला पाहून थांबला, त्याच्याही पायाशी तशीच पिशवी होती.

शालिकभाऊंनी एकदा आमच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि घराकडे तोंड करून बायकोला मोठ्यानं हाक मारली, "इंदू, चहा मांड वं! लोक आले!"